पपांविषयी साक्ष

राउटनएक, ९ मार्च १९५९

माइनराट,

बारा वर्षांनी अक्षर ओळखशील की नाही, म्हणून आधीच सांगते, मी बुर्गा. कोणी गेलेलं नाही. जायला या घरात माझ्याशिवाय कोणी उरलेलंही नाही.

तुझा पत्ता चिलीहून परतलेल्या एका फादरांकडून मिळाला. तू तिथे लाकडाची वखार चालवतोस, नावापुढे प्रिन्स वगैरे काही लावत नाहीस, आणि रविवारी चर्चला जात नाहीस, असं ते म्हणाले. शेवटची गोष्ट त्यांनी जरा हळू आवाजात सांगितली.

लिहायचं कारण असं, की पपांना 'धन्य' म्हणून जाहीर करावं असा अर्ज गावाने बिशपांकडे केला आहे. संतपदाची पहिली पायरी. अकराशे सह्या आहेत. हसू आलं तर हस, पण हे खरं आहे. बिशपांनी चौकशीसाठी एक फादर नेमलेत, फादर झाइट्झ. इस्टरनंतर ते माझी साक्ष घ्यायला येणार. कुटुंबातला दुसरा साक्षीदार तू आहेस. तुलाही पत्र येईल.

गावाच्या मनात पपा म्हणजे एकच चित्र आहे. १९४० साल, ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक. गुरुवारी काढायची नाही, रविवारी काढा, असा सरकारी हुकूम होता. शिवाय जिल्ह्याच्या नाझी पक्षप्रमुखाने निरोप पाठवला होता की प्रिन्स गेबहार्टनी, म्हणजे पपांनी, या वर्षी घरीच बसावं, तब्येतीला जपावं. आणि पपा आले. पूर्ण पोशाखात, खांद्यावरून पट्टा, डोकं उघडं, हातात पेटती मेणबत्ती. पवित्र भाकरीवर धरलेल्या चांदव्यामागे, सगळ्यांना दिसतील असे, पेठेतून चारही वेद्यांपर्यंत चालले. बेकरीवाला म्हातारा आयझेले अजून सांगतो, "त्या दिवशी आम्ही खिडक्या उघडल्या, बाईसाहेब. वर्षभरात पहिल्यांदा."

तू त्याच रविवारबद्दल दुसरं बोलला होतास. पपांच्या दफनानंतर, जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर. "या माणसाने एका मेणबत्तीपायी टिलीला विकलं." मग उठलास आणि गेलास. ते वाक्य गावातही पोचलं आहे. फादर झाइट्झ ते विचारणार, हे उघड आहे. तू काय सांगणार आहेस, ते मला आधी कळव. एवढंच.

बुर्गा

---

३ एप्रिल

माइनराट,

तुझं उत्तर नाही. टपालाला तीन आठवडे लागतात, असं मी स्वतःला समजावते.

फादर झाइट्झ येऊन गेले. बारीक माणूस, सर्दी झालेला, खिशात चार रुमाल. मला वाटलं होतं कोणी गोडबोल्या येईल. ते बसल्याबसल्या म्हणाले, "संत व्हायला माणूस मेलेला लागतो आणि साक्षीदार जिवंत लागतात. दुसरं जास्त अवघड आहे, बाईसाहेब. लोक पटापट मरतात."

बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. मग छापील प्रश्न. धाकट्या बहिणीबद्दल मी जे सांगितलं ते त्यांनी उतरवून मला वाचून दाखवलं. कोरडं वाटलं, पण चूक कुठे नव्हती: 'ऑटिलिए, जन्म १९१६, घरात टिली म्हणत. सहाव्या वर्षापासून फेफरं. बुद्धी लहान मुलाची. एकविसाव्या वर्षी आई वारल्यावर सेंट नोटबुर्गा आश्रमात, सिस्टरांच्या देखरेखीखाली. हा आश्रम साक्षीदाराच्या आजोबांनी बांधून दिला. २६ मे १९४० रोजी राखाडी बसमधून नेली गेली. खिडक्यांना रंग फासलेला होता. तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने मृत्यू झाल्याचं पत्र आणि रक्षापात्र आलं.'

"न्यूमोनिया," फादर म्हणाले. लिहिणं थांबवून त्यांनी नाक पुसलं. "माझ्या चुलतभावालाही न्यूमोनियाच झाला होता. त्याच उन्हाळ्यात. सरकार अशा रुग्णांना मारायचं आणि घरी न्यूमोनियाचं पत्र धाडायचं."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आश्रमातून आदल्या दिवशी घरी फोन आला होता, असं सिस्टर युफेमियांनी युद्धानंतर कोणाला तरी सांगितलं आहे. ते खरं का?

मी म्हणाले, खरं.

"प्रिन्सना मिरवणुकीआधी निरोप मिळाला होता?"

मी म्हणाले, "माझ्या भावासमोर त्यांनी ते मान्य केलं होतं."

तुला आठवतं ना? सप्टेंबर होता, तू फ्रान्सहून रजेवर आला होतास, बूटही काढले नव्हतेस. वाचनाच्या खोलीत पपा उभे, मी खिडकीशी. तू विचारलंस, "फोन आला होता का?" पपा म्हणाले, "हो, आला होता." तू विचारलंस, "शनिवारी?" पपा म्हणाले, "शनिवारी." बस. त्यानंतर सात वर्षं तुम्ही दोघं हवापाण्यापलीकडे काही बोलला नाहीत.

म्हणजे मी फादरांना खोटं काही सांगितलेलं नाही. सहीही केली. 

बुर्गा

---

२७ एप्रिल

माइनराट,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'मी जे बोललो तेच सांगेन. संतांची मला गरज नाही.' ठीक.

आता मी लिहिते ते शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नकोस.

फोन मी घेतला होता.

शनिवार, दुपारचे चार. पपा पेठेत वेद्यांची सजावट बघायला गेले होते. मी कॉरिडॉरमध्ये पट्ट्याची झालर शिवत बसले होते. सिस्टर युफेमिया बोलत होती, पण आवाज तिचा वाटत नव्हता. म्हणाली, "सोमवारी सकाळी बस येणार आहे. यादी आली आहे. टिलीचं नाव आहे. ज्यांना घरचे येऊन घेऊन जातील त्यांना मी जाऊ देईन, कागद नंतर बघू. आजच या."

मी म्हणाले, येतो.

आणि फोन ठेवल्यावर पपांना सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नाही, रविवारी सकाळीही नाही.

का, ते मी एकोणीस वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आले. खरं एवढंच आहे: गाडी एक होती, पेट्रोलची कुपनं एका खेपेपुरती, रस्ता साठ किलोमीटर. पपांना कळलं असतं तर ते तत्काळ निघाले असते. रात्रीच्या प्रवासात टिलीला फेफरं यायचं, म्हणजे मुक्काम तिथेच, आणि रविवारी मिरवणुकीआधी परत येऊ शकले नसते. आणि सगळा गाव म्हणाला असता, बघा, पक्षाचा निरोप आला आणि प्रिन्स पळाला. पक्षाचा माणूस हसला असता. मी हिशेब केला, की बस सोमवारी आहे. रविवारी दुपारी मिरवणूक संपताच सांगेन, संध्याकाळी टिली घरात असेल. दोन्ही साधेल.

आणि आणखी एक. मला त्यांना तसं चालताना बघायचं होतं. आयुष्यभर आपण उरलेल्या राज्याची उरलेली माणसं होतो, माइनराट. जंगल, दारूची भट्टी आणि चर्चमधला पुढचा बाक. त्या एका दिवशी आपण खरोखर कोणीतरी असणार होतो. तो पट्टा मी शिवला होता.

पपा चालले. कसे चालले ते मी सांगत नाही, अकराशे लोक सांगतातच. दीड वाजता परतले, चेहरा उजळलेला होता. मी म्हणाले, "पपा, टिलीला आणायला जायचंय." सगळं सांगितलं.  त्यांनी पट्टाही उतरवला नाही, तसेच गाडीत बसले.

बस रविवारीच येऊन गेली होती. सकाळी दहाला. पपा तेव्हा दुसऱ्या वेदीपाशी गुडघे टेकून होते.

ते अंधार पडल्यावर आले. हातात टिलीचे लोकरी मोजे होते, बसमध्ये सामान घेऊ देत नव्हते म्हणून राहिलेले. मी त्यांच्या पायाशी बसले. ते म्हणाले, "हे माइनराटला कळता कामा नये. त्याचं तुझ्यावर प्रेम आहे, आणि माझ्यावरचा राग तो सोसू शकेल." मी म्हणाले, पण पपा, दोष माझा आहे. ते म्हणाले, "मिरवणूक माझी होती. तू फक्त फोन घेतलास."

म्हणून सप्टेंबरात ते "हो" म्हणाले. मी खिडकीशी उभी होते आणि बाहेर बघत राहिले. दफनाच्या दिवशी तू बोललास तेव्हा मी सूप वाढत होते. पळी खालीही ठेवली नाही मी.

त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी पपा मिरवणुकीत गेले. गाव म्हणतं, निष्ठा. मी बाजूने चालायची, मला दिसायचं. मेण वितळून हातावर उतरायचं आणि ते हात सरळ करायचे नाहीत. घरी आल्यावर चाकूने खरवडून काढावं लागायचं, खाली फोड असायचे. एकदा म्हणाले, "बुर्गा, दुसऱ्या वेदीपाशी मला ती दिसते. दिसते म्हणजे, बसच्या रंगवलेल्या काचेमागे कोणीतरी आहे एवढं कळतं."

मला ती दिसत नाही. मला टेलिफोन ऐकू येतो. युद्धानंतर मी तो काढून टाकला, भिंतीतली वायरही उपसली. तरी शनिवारी चारच्या सुमारास मी कॉरिडॉरमधून जात नाही. स्वयंपाकघराच्या जिन्याने फिरून जाते. नवी मोलकरीण हसते. "बाईसाहेब, गुडघे दुखतात म्हणता आणि जिने चढता." हसू दे.

काल फादर झाइट्झना बोलावून साक्ष बदलली. त्यांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या लक्षात आलं का, तुमच्या या साक्षीने त्यांचं काम फार सोपं होतंय? न केलेला दोष सात वर्षं गप्प राहून अंगावर घेतला. मिरवणुकीपेक्षा हे मोठं आहे."

मी विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं प्रकरण माझ्याकडे नाही, बाईसाहेब," ते म्हणाले. मग दारापाशी थांबून म्हणाले, "पापकबुली केलीत ना?"

केली होती. १९४० मध्येच. प्रायश्चित्त म्हणून तीन जपमाळा सांगितल्या होत्या.

बुर्गा

---

२९ मे

माइनराट,

तू काही लिहिलं नाहीस. मी दोष देत नाही. तरी कालचं सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कोणाकडून ऐकलंस तर बुर्गाचं डोकं फिरलं असं ऐकशील.

काल ख्रिस्तशरीराचा सण होता. गावाने या वर्षी पपांचा मोठा फोटो दुसऱ्या वेदीवर लावला होता, फुलांच्या मधोमध. मी आपल्या फादरांना आधीच सांगितलं होतं की मला तिथे चार शब्द बोलायचे आहेत. ते म्हणाले, "मिरवणूक देवाची आहे, बाईसाहेब. तुमच्या घरची नाही." मी म्हणाले, "तीनशे वर्षं तुम्ही आम्हाला चांदव्यामागे चालवलंत. तेव्हा नाही म्हणालात हे?"  त्यांनी परवानगी दिली नाही, नकारही नाही.

तू गेल्यापासून चांदव्यामागे कोणी चालत नव्हतं. काल मी चालले. काळे कपडे, हातात मेणबत्ती. बायका कुजबुजल्या. बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याचा सूर चुकला.

दुसऱ्या वेदीपाशी शुभवर्तमान वाचून झालं, आशीर्वाद झाला, आणि लोक गुडघ्यांवरून उठायच्या आत मी फोटोशेजारी जाऊन उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "याच वेळी, याच जागी माझे वडील गुडघे टेकून होते, आणि तिकडे माझ्या बहिणीला बसमध्ये चढवत होते. आदल्या दिवशी फोन आला होता. तो मी घेतला. मी वडिलांना सांगितलं नाही, कारण मला मिरवणूक हवी होती. त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही बारा वर्षं त्यांच्याबद्दल जे कुजबुजत होतात ते माझ्याबद्दल आहे."

 एक बाळ रडत होतं. बँडमास्तर फादरांकडे बघत होता, फादर जमिनीकडे. मला वाटलं, आता काहीतरी होईल, कोणी शिवी देईल, नाहीतर कोणी हात धरेल. खरं सांगते, हात धरतील असंच वाटलं होतं.

तेव्हा बायकांच्या रांगेतून थेक्ला हाल्डर पुढे आली. तुला आठवणार नाही. तिचा नवरा आपल्या भट्टीत पिंपं दुरुस्त करायचा. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिली आणि हळू, बाजारात भाव विचारावा तशी, म्हणाली, "आमच्या वेंडेलिनलाही त्याच बसने नेलं, बाईसाहेब. अठरा वर्षांचा होता. आमच्याकडे कोणी फोन केला नाही."

तिच्या मागून कोणी म्हणालं, "फोन होता कुठे आपल्याकडे?"

"तेच म्हणतेय," ती म्हणाली.

मग बँड वाजू लागला आणि मिरवणूक तिसऱ्या वेदीकडे निघाली. मीही चालले. दुसरं काय करणार होते?

बुर्गा

---

२६ जुलै, रविवार

माइनराट,

तुझं लांब पत्र आलं. तू वेड्यासारखा पपांच्या नावाने रडलास, असं लिहिलंस, आणि शेवटी 'बुर्गा, मी तुला माफ केलं' असंही. ते वाक्य मी रोज वाचत होते. आता परत पाठवते आहे, याच पाकिटात. घाई केलीस. अजून थोडं बाकी आहे.

मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात, शनिवारी, मी थेक्ला हाल्डरकडे गेले. गिरणीमागची दोन खोल्यांची जागा. तिने दार उघडलं, या म्हणाली नाही, बाजूला झाली. टेबलावर बटाटे सोललेले होते. तिने माझ्यापुढे काही ठेवलं नाही आणि स्वतःही बसली नाही.

म्हणाली, "सिस्टर काय बोलली ते सांगा. सगळं. शब्दन्‌शब्द."

मी सांगू लागले. सोमवारी सकाळी बस. यादी. टिलीचं नाव. आजच या.

"पुढे?"

"एवढंच."

ती बटाटे चिरत राहिली. "सिस्टर युफेमिया माझ्या वेंडेलिनला स्वतःच्या हाताने भरवायची," ती म्हणाली. "त्याचं बोट धरून बागेत न्यायची. गेल्या वर्षी वारली तेव्हा मी मातीला गेले होते. तिने तुम्हाला फोन केला आणि फक्त राजाच्या पोरीचं सांगितलं? ती बाई तशी नव्हती."

मी ते फादर झाइट्झना सांगितलं नव्हतं. शपथेवर दोनदा बसून सांगितलं नव्हतं. वेदीपाशी सांगितलं नव्हतं, पापकबुलीत नाही, तुला नाही. पपांनाही नाही, माइनराट. पपा न कळताच गेले. मी ते इतकं खाली ढकललं होतं, की ते ऐकलं होतं की नाही याचीच मला कधीकधी शंका यायची. त्या स्वयंपाकघरात शंका उरली नाही.

मी म्हणाले, "ती म्हणाली, तुमच्या गावची आणखी तिघं आहेत. त्यांच्याकडे फोन नाही. कृपा करून घरोघर निरोप द्या."

"नावं घेतली?"

"घेतली."

"पहिलं कोणाचं?"

"वेंडेलिन हाल्डर."

सुरी थांबली. मी बोलत गेले, आता थांबता येईना. निरोप दिला असता तर पेठेत पाच मिनिटांत पपांच्या कानावर गेला असता. म्हणून कोणालाच दिला नाही. तुमचं घर आमच्या फाटकापासून चारशे पावलांवर आहे, मी त्या संध्याकाळी फुलं आणायला इथूनच गेले होते. तुम्ही ओट्यावर कपडे वाळत घालत होतात. मला बघून वाकून नमस्कार केला होतात.

"केला होता," ती म्हणाली. "आठवतंय मला. म्हटलं, बाईसाहेब आज किती खुशीत आहेत."

 मला वाटलं, तिच्या हातात सुरी आहे, आता चालवेल. वाटलं म्हणजे, बरं वाटलं. पण तिने ती धुतली, पुसली, खणात ठेवली.

"त्याच्या बापाकडे घोडागाडी होती," ती म्हणाली. "रात्रभर हाकली असती तरी पहाटे पोचला असता."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या रविवार. तुम्ही चर्चमध्ये मिस्सेला पुढच्या बाकावर बसता ना, एकट्या?"

"हो."

"मी तुमच्या शेजारी बसणार. दर रविवारी. तुम्ही जिवंत आहात तोवर किंवा मी आहे तोवर."

मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणायचा मला हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी आली. आपल्या नावाची पितळी पाटी आहे त्या बाकावर, माझ्या डाव्या हाताला, तिचा कोट माझ्या बाहीला लागेल इतकी जवळ. सगळं चर्च बघत होतं. ती माझ्याकडे वळली नाही. पवित्र भाकर घ्यायला उठली, परत आली, गुडघे टेकले. तिच्या ओठांची हालचाल मला ऐकू येते. ती प्रार्थनेत नावं घेते. पहिलं वेंडेलिन. मग ती दोन, ज्यांच्या घरचं गावात आता कोणी उरलेलं नाही. चौथं टिलीचं घेते, माइनराट. 

मी फादर झाइट्झना तिसऱ्यांदा बोलावलं आणि हेही लिहून घ्यायला लावलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि रुमालाची घडी केली. म्हणाले, पपांचा अर्ज आता पुढे जाईल की अडेल, ते त्यांना सांगता येत नाही. मला त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

गाव माझ्याशी बोलत नाही. आयझेले पाव देतो, पैसे टेबलावरून उचलतो, हातातून घेत नाही. दुसऱ्या दोघांची नावं चर्चच्या भिंतीवर कोरायला मी सांगितलं, तर फादर म्हणाले, आधी त्यांच्या नातेवाइकांना शोधा, विचारा. शोधते आहे. एकाची बहीण उल्ममध्ये आहे असं कळलं. तिच्याकडेही जायचं आहे, आणि तिलाही हेच सगळं सांगायचं आहे, पहिल्यापासून.

आज आठवा रविवार होता. माझा चष्मा घरी राहिला होता. स्तोत्राचा आकडा फळ्यावर होता, मला दिसेना, मी नुसतीच पानं उलटत होते. थेक्ला हाल्डरने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पान काढलं, परत दिलं. आणि त्याच दमात, समोर बघत, म्हणाली, "मोठ्याने म्हणा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी म्हटलं. माझा आवाज आता फार वाईट आहे.

बुर्गा